अर्धी लोकशाही, बंदूक आणि क्रांतिसिंहांची वाट

६ डिसेंबर ही तारीख आंबेडकरी माणसाला सांगावी लागत नाही. १९५६ साली याच दिवशी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. बरोबर वीस वर्षांनी, १९७६ च्या ६ डिसेंबरला, क्रांतिसिंह नाना पाटील यांचे निधन झाले. चैत्यभूमीकडे निघालेल्या आपल्या माणसांना त्या दिवशी नानांची आठवण होत नाही, यात काही गैर नाही. परंतु इतिहास वाचताना आम्ही नानांकडे वळतो, त्याला कारण आहे. अलीकडे वस्तीवस्तीतून तरुण एक प्रश्न विचारतात. अत्याचार होतात, खटले वर्षानुवर्षे रेंगाळतात, साक्षीदार फिरतात, आरोपी सुटतात. मग संविधानाच्या मार्गाने जाऊन आम्हाला मिळाले काय? हा प्रश्न शिव्या घालून किंवा दटावून संपणारा नाही. त्याला उत्तर द्यावे लागेल. ज्या माणसाने बंदुकीचा काळ पाहिला, चालवला आणि नंतर मतपेटीची वाट धरली, त्याचे आयुष्य यासाठी तपासून पाहिले पाहिजे. आणि या माणसाला लोकसभेत पाठवणारा जिल्हा आपल्या मराठवाड्यातला बीड आहे, हेही विसरता कामा नये.

नानांचा जन्म ३ ऑगस्ट १९०० चा. वाळवा तालुक्यातले येडेमच्छिंद्र हे त्यांचे गाव. तेव्हा हा मुलूख सातारा जिल्ह्यात होता, आज सांगलीत आहे. मूळ आडनाव पिसाळ. घर शेतकऱ्याचे, वारकरी वळणाचे. शिक्षण बेताचेच. शरीर धिप्पाड, आवाज खणखणीत आणि भाषा शिवारातली. पुढे हीच भाषा त्यांचे सर्वात मोठे हत्यार ठरली. त्या काळी सातारा जिल्हा हा सत्यशोधक चळवळीचा बालेकिल्ला होता. जोतीराव फुल्यांचा विचार जलशांतून गावोगाव पोचला होता. सावकार, भट आणि सरकारी अंमलदार या तिघांनी मिळून कुणब्याला कसे नागवले, हे सातारच्या रयतेला पुस्तकातून शिकावे लागले नाही. नाना याच मातीत वाढले.

तरुणपणी ते तलाठी झाले. गावात तलाठ्याचा मान मोठा, पगार बांधलेला. पण १९३० साली कायदेभंगाची चळवळ उभी राहिली तेव्हा त्यांनी नोकरीवर लाथ मारली आणि चळवळीत उडी घेतली. त्यानंतरच्या बारा वर्षांत त्यांनी अनेकदा तुरुंगवास भोगला. ही बारा वर्षे त्यांनी सभा, सत्याग्रह आणि तुरुंग यांतच काढली. म्हणजे हा माणूस जन्मतः बंदूकवाला नव्हता. आधी त्याने सगळे उघडे मार्ग चालून पाहिले.

आता त्या काळची लोकशाही कशी होती ते पाहू. १९३५ च्या कायद्याने प्रांतांना कायदेमंडळे मिळाली, १९३७ साली निवडणुका झाल्या. पण मत कोणाला होते? ज्याच्याकडे जमीन, ज्याचा कर भरलेला, जो शिकलेला, त्याला. सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानात मतदार होते सुमारे तीन कोटी. भूमिहीन महार, मांग, रामोशी, शेतमजूर आणि बहुसंख्य बाया यांना त्या यादीत जागा नव्हती. बाबासाहेबांनी १९१९ साली साउथबरो समितीपुढे साक्ष दिली तेव्हापासून ते मताधिकाराची कक्षा वाढवा असे सांगत होते. १९२८ साली सायमन कमिशनपुढे त्यांनी प्रौढ मताधिकाराचीच मागणी केली. आमचे म्हणणे असे की, या मागणीचा अर्थ आपण अजून पुरता ओळखलेला नाही. ती केवळ अस्पृश्यांच्या हक्काची मागणी नव्हती, देशातला रक्तपात टाळण्याची ती तजवीज होती.

त्या अर्ध्यामुर्ध्या लोकशाहीचाही बाबासाहेबांनी पुरेपूर उपयोग करून घेतला. १९३६ साली स्वतंत्र मजूर पक्ष काढला, निवडणूक लढवली, १९३७ च्या सप्टेंबरात खोती नष्ट करण्याचे विधेयक आणले आणि १९३८ च्या जानेवारीत हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कायदेमंडळावर नेला. दरवाजा किलकिला असेल तर खांदा लावून तो उघडायचा, ही त्यांची रीत. परंतु १९३९ च्या अखेरीस युद्धाच्या प्रश्नावर काँग्रेसची मंत्रिमंडळे बाहेर पडली आणि मुंबई प्रांत गव्हर्नरच्या हाती गेला. म्हणजे १९४२ उजाडले तेव्हा सातारच्या शेतकऱ्याला दाद मागायला निवडून आलेले सरकारच नव्हते. जो अर्धा दरवाजा होता तोही बंद झालेला होता.

१९४२ च्या ऑगस्टमध्ये छोडो भारतचा ठराव झाला आणि बडे पुढारी रातोरात तुरुंगात गेले. सातारा जिल्ह्यात लोकांनी बंदूक घेतली का? नाही. आधी त्यांनी मोर्चे काढले. कराड, तासगाव, वडूज, इस्लामपूर येथील कचेऱ्यांवर हजारो माणसे निःशस्त्र गेली. हातात तिरंगा, कचेरीवर तो लावायचा एवढीच मागणी. ९ सप्टेंबरला वडूजला आणि १० सप्टेंबरला इस्लामपूरला पोलिसांनी गोळ्या घातल्या. वडूजला परशुराम घार्गे आणि त्यांचे साथी पडले. मोर्चाला उत्तर म्हणून गोळी आली, आणि तिथून पुढे सातारचा लढा भूमिगत झाला. घटनांचा हा क्रम आपल्या तरुणांनी नीट ध्यानात घ्यावा. आधी मत नाकारले, मग सभा नाकारली, मग मोर्चावर गोळी झाडली. त्यानंतर गनिमी युद्ध आले.

१९४३ पासून जे उभे राहिले ते प्रतिसरकार. सरकारी दप्तराने आणि विरोधकांनी त्याला पत्रीसरकार म्हणून हिणवले. लोकांनी मात्र ते नावही आपलेसे केले. नाना त्याचे पुढारी, त्याचा चेहरा आणि त्याचा आवाज होते. प्रत्यक्ष शस्त्राची कामे मुख्यतः तरुणांनी केली. कुंडलचे जी. डी. बापू लाड, तुफान सेनेचे कॅप्टन रामभाऊ लाड, वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी ही त्यांतली ठळक नावे. १९४३ च्या जूनमध्ये शेणोलीजवळ पगाराची रेल्वे लुटली गेली, १९४४ च्या एप्रिलमध्ये धुळे जिल्ह्यात चिमठाण्याजवळ सरकारी खजिना लुटला गेला. सरकारने नानांना पकडण्यासाठी इनाम लावले, घरदार आणि जमीन जप्त केली. नाना साडेतीन वर्षांहून अधिक काळ भूमिगत राहिले आणि पोलिसांना सापडले नाहीत. त्यांची लेक हौसाताई हीसुद्धा या लढ्यात उतरली. एवढ्या मोठ्या देहाचा, एवढा ओळखीचा माणूस सापडला नाही, कारण ज्या गावांनी त्यांना लपवले ती गावे त्यांना आपले सरकार मानत होती.

प्रतिसरकार म्हणजे नुसती लूटमार नव्हे. त्याने गावोगाव न्यायदान मंडळे नेमली. सावकाराने गिळलेल्या जमिनींचे तंटे सोडवले. बाईवर हात टाकणाऱ्याला शिक्षा दिली. दारूबंदी केली, कमी खर्चात गांधी पद्धतीची लग्ने लावली. क्रांतिकारकांच्या नावावर दरोडे घालणाऱ्या टोळ्यांचा बंदोबस्त केला. अस्पृश्यता पाळू नये हेही त्याच्या कार्यक्रमात होते. जे काम कायदेमंडळाने आणि कोर्टाने करायला हवे होते ते लोकांनी शिवारात बसून केले. कुंडल हे गाव औंध संस्थानातले. त्या संस्थानच्या राजाने १९३९ साली प्रजेला स्वराज्याची घटना दिली होती, आणि भूमिगतांना आसरा मिळाला तो याच संस्थानच्या हद्दीत. जिथे सत्ता थोडी तरी प्रजेच्या हाती होती तिथे बंदूक राज्याविरुद्ध उठली नाही, ही गोष्ट बोलकी आहे.

परंतु आम्ही आंबेडकरी आहोत. कौतुक करताना डोळे मिटून घेणे आम्हाला शोभत नाही. प्रतिसरकारचा न्याय झटपट होता, पण त्यावर अपील नव्हते. खबऱ्या ठरवणारे तेच, शिक्षा देणारेही तेच. तळपायावर काठ्या बसलेल्या माणसाला आपली बाजू मांडायला वकील नव्हता. गावाच्या हाती न्याय द्यावा का, या प्रश्नावर बाबासाहेबांनी १९३२ साली मुंबई कायदेमंडळात आणि १९४८ साली संविधान सभेत जो कडक इशारा दिला तो आपल्याला पाठ आहे. गावाचा न्याय म्हणजे बहुतेक वेळा गावातल्या बलवानाचा न्याय. नानांसारखा सत्यशोधक वळणाचा माणूस डोक्यावर होता तोवर त्या न्यायाला माणुसकी होती. तो माणूस नसता तर? बंदुकीच्या राज्यात दुबळ्याचे रक्षण पुढाऱ्याच्या चांगुलपणावर अवलंबून राहते. कायद्याच्या राज्यात ते कलमावर अवलंबून असते, आणि पुढारी बदलला तरी कलम जागेवर राहते.

इथे एक प्रश्न वाचकांच्या मनात येईल. नाना भूमिगत झाले त्याच वर्षी, १९४२ च्या जुलैत, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले होते. छोडो भारत चळवळीला त्यांचा पाठिंबा नव्हता. मग दोघांना एकाच लेखात कसे आणता? आमचे उत्तर साधे आहे. दोघांची वाट एक नव्हती आणि ती एक होती असे दाखवण्याची गरजही नाही. इंग्रज गेल्यावर सत्ता कोणाच्या हाती जाणार, हा बाबासाहेबांचा सवाल होता आणि तो आजही खोटा ठरलेला नाही. त्यांना जी फट सापडली तिच्यातून त्यांनी कामगारांसाठी कायदे काढून घेतले. सातारच्या रयतेला तशी फटही उरली नव्हती. ज्याच्यापुढे मार्ग आहे आणि ज्याच्यापुढे नाही, या दोघांना एकाच मापाने मोजणे हा अन्याय होईल.

आणि नेमका हाच भेद बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत केला. आपले विरोधक त्या भाषणाचा निम्मा भागच सांगतात. रक्तरंजित मार्ग सोडा, सत्याग्रह आणि असहकारही सोडा, असे ते म्हणाले हे खरे. पण त्यांनी हेही सांगितले की, सांविधानिक मार्ग उपलब्ध नव्हते तेव्हा असांविधानिक मार्गांना बरेच समर्थन होते; आता मार्ग खुले झाले, म्हणून ते समर्थन संपले. त्यापुढे जाऊन त्यांनी बजावले की, राजकारणात समता आणि समाजात, अर्थव्यवहारात विषमता ही विसंगती लवकर दूर केली नाही तर विषमतेने पोळलेले लोक लोकशाहीचा हा डोलारा उद्ध्वस्त करतील. म्हणजे त्यांचा उपदेश केवळ खालच्या माणसाला नव्हता. दरवाजा खरोखर उघडा ठेवा, ही ताकीद वरच्या माणसाला होती.

नानांचे पुढचे आयुष्य या विचाराचा जिवंत पुरावा आहे. १९४६ साली निवडणुका होऊन मुंबई प्रांतात पुन्हा लोकांचे मंत्रिमंडळ आले, आणि नाना भूमिगत अवस्थेतून उघड्यावर आले. त्यांना पकडून आणावे लागले नाही. दरवाजा उघडला तसा माणूस बाहेर आला. स्वातंत्र्यानंतर मात्र काँग्रेसमध्ये या रांगड्या लढवय्यांना जागा उरली नाही. नाना आधी शेतकरी कामगार पक्षात आणि नंतर कम्युनिस्ट पक्षात गेले. १९५५ साली डहाणूच्या अधिवेशनात ते अखिल भारतीय किसान सभेचे अध्यक्ष झाले. १९५७ साली संयुक्त महाराष्ट्र समितीच्या लाटेत ते साताऱ्यातून लोकसभेवर गेले. त्याच लोकसभेत नाशिकहून निवडून आलेले आपले कर्मवीर दादासाहेब गायकवाड होते. शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन आणि कम्युनिस्ट पक्ष त्या समितीत खांद्याला खांदा लावून होते. दादासाहेबांनी पुढे ६ डिसेंबर १९६४ पासून देशभर भूमिहीनांचा सत्याग्रह केला आणि लाखो माणसे तुरुंगात गेली. हातात बंदूक नव्हती, मागणी मात्र कसायला जमीन द्या हीच होती.

आता बीडकडे येऊ. बीड जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. तिथे तर अर्धी लोकशाहीही नव्हती. १९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होण्याआधीच तिच्यावर बंदी आली. १९३९ साली निजामाने ज्या सुधारणा जाहीर केल्या त्यांत मतदान धंद्यांच्या गटांनुसार आणि अगदी तोकडे होते. परिणाम काय झाला? तेलंगणात १९४६ पासून शेतकऱ्यांनी शस्त्र उचलले. मराठवाड्याच्या सरहद्दीवर सशस्त्र कॅम्प उभे राहिले, १९४८ च्या जानेवारीत नांदेड जिल्ह्यातल्या उमरीची बँक लुटली गेली. दुसऱ्या बाजूने रझाकारांनी खेडीपाडी छळली. १९४८ च्या सप्टेंबरात संस्थान संपले. १९५१ च्या ऑक्टोबरात कम्युनिस्टांनी तेलंगणातला सशस्त्र लढा मागे घेतला आणि पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते उतरले. कालपर्यंत जंगलात असलेल्यांपैकी रावी नारायण रेड्डी नळगोंड्यातून प्रचंड मतांनी लोकसभेवर गेले. बीडनेही त्या निवडणुकीत डाव्यांच्या पीपल्स डेमॉक्रॅटिक फ्रंटचे रामचंद्र गोविंद परांजपे यांना निवडले. देशात मतदार आता तीन कोटी नव्हते, सतरा कोटींच्या वर गेले होते. प्रौढ मताधिकाराच्या एका कलमाने हजारो बंदुका खाली ठेवायला लावल्या. हे काम कोणत्याही फौजेला जमले नसते.

याच बीडने १९६७ च्या फेब्रुवारीत नाना पाटलांना लोकसभेवर निवडून दिले. नाना बीडचे नव्हते, जातीपातीच्या गोतावळ्यात बसणारे नव्हते, पैसेवाले तर नव्हतेच. वय सदुसष्टीकडे झुकलेले. तरी या जिल्ह्याच्या शेतकरी-शेतमजुरांनी काँग्रेसला बाजूला सारून साताऱ्याच्या या पाहुण्याला आपला खासदार केला. आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात बंगालमधल्या नक्षलबारीत जमिनीच्या प्रश्नावर गोळीबार झाला आणि नवा सशस्त्र लढा सुरू झाला. एकाच वर्षी या देशात दोन गोष्टी घडल्या. बीडच्या गरिबाने जुन्या गनिमाला मतपेटीतून दिल्लीला पाठवले, आणि नक्षलबारीच्या गरिबाने मतपेटीवरचा भरवसा सोडला. भूक दोन्हीकडे होती, भूमिहीनता दोन्हीकडे होती. नक्षलबारीच्या वाटेने गेलेल्यांच्या हाती एवढ्या वर्षांत काय लागले? आदिवासी दोन बंदुकांच्या मध्ये सापडला, त्याची पोरे दोन्ही बाजूंनी मेली आणि जंगल मात्र खाणवाल्यांकडे जात राहिले.

म्हणून बीडची वाट सोपी होती असे कोणी समजू नये. नानांना निवडून दिले म्हणून बीडच्या महार-मांगाला जमीन मिळाली नाही, ऊसतोड्याच्या पाठीवरची मोळी उतरली नाही. १९७८ च्या जुलैत विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडाभर आपली घरे जळाली. ज्यांची घरे जळाली त्यांच्या हाती मशाल देणे काय कठीण होते? पण समाजाने मोर्चे काढले, तुरुंग भरले, लाँग मार्च केला आणि सोळा वर्षे झुंजून १४ जानेवारी १९९४ ला बाबासाहेबांचे नाव विद्यापीठाला मिळवून दिले. बीड जिल्ह्यात एकनाथ आवाड यांच्या मानवी हक्क अभियानाने गायरानात नांगर घातला, मार खाल्ला, खटले लढवले आणि भूमिहीनांचा ताबा कागदावर आणण्यासाठी शासनाच्या दारात ठाण मांडले. शासनाचा २८ नोव्हेंबर १९९१ चा निर्णय हे त्यांचे शस्त्र होते. सर्वात जास्त मार खाल्लेला समाज सर्वात जास्त संविधानाला धरून राहिला, हा या प्रांताचा इतिहास आहे. त्याचे श्रेय कोणी देत नाही. उलट २००६ साली खैरलांजीनंतर लोक रस्त्यावर आले तेव्हा त्यांच्यामागे नक्षलवादी असल्याची भाषा सत्ताधाऱ्यांनी केली. न्याय मागणाऱ्याला नक्षलवादी ठरवणे म्हणजे उघडा दरवाजा आतून बंद करणे होय. इंग्रजांनी १९४२ साली वेगळे काय केले होते?

आज बीडचे नाव वर्तमानपत्रात येते ते खंडणी, टोळ्या आणि कट्ट्यांसाठी. ९ डिसेंबर २०२४ रोजी केज तालुक्यातल्या मस्साजोगच्या सरपंचाची हाल हाल करून हत्या झाली. गावाने मतदान करून निवडलेला माणूस असा मारला जातो तेव्हा तो एका माणसाचा खून राहत नाही. तो मताचा खून असतो. ही हिंसा गनिमाची नव्हे. नानांचे साथीदार सत्ता आणि पैसा असणाऱ्यांविरुद्ध लढले. या टोळ्या सत्तेच्या आणि पैशाच्या सावलीत वाढतात. कागदावर प्रत्येकाला मत आहे, पण ठाण्यात फिर्याद घेतली जात नसेल आणि निवडून आलेल्याचा जीव सुरक्षित नसेल, तर ती लोकशाही पुन्हा अर्धीच झाली. १९३७ साली ती कायद्याने अर्धी होती, आता दहशतीने आणि पैशाने अर्धी होते आहे, एवढाच फरक.

नाना वारले तेव्हा देशात आणीबाणी होती. लोकसभेची मुदत वाढवून निवडणूक पुढे ढकलली होती. दरवाजा पुन्हा एकदा बंद झाला होता, आणि नानांचा पक्षही त्या राजवटीच्या बाजूने उभा होता, हे कटू सत्य नोंदवलेच पाहिजे. ज्या माणसाने बंद दरवाजाविरुद्ध आयुष्य वेचले त्याला शेवटचा श्वास बंद दरवाजाआड घ्यावा लागला. पुढे तीन-चार महिन्यांनी, १९७७ च्या मार्चमध्ये, मतदान झाले आणि अडाणी म्हणून हिणवल्या गेलेल्या जनतेने ती राजवट मतानेच घालवली. बीडने त्या वेळी मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे गंगाधरअप्पा बुरांडे यांना निवडले. गोळी एकही झाडावी लागली नाही.

आपल्या तरुणांना आम्ही एवढेच सांगू. क्रांतिसिंहांची बंदूक आठवा, पण ती त्यांनी कधी उचलू दिली आणि कधी खाली ठेवायला लावली हेही आठवा. मत नव्हते तेव्हा ती उठली, मत मिळाले तेव्हा ती खाली बसली. आज आपल्या हाती मत आहे, कलम आहे, ॲट्रॉसिटीचा कायदा आहे, माहितीचा अधिकार आहे. ही हत्यारे बोथट केली जात असतील तर त्यांना धार लावणे हे आपले काम आहे. मतदार यादीत नाव आहे का ते पाहा. गायरानाचा सातबारा काढा. फिर्याद घेत नसतील तर दहा जणांनी मिळून ठाण्यात बसा, साक्षीदाराला एकटे सोडू नका. आणि राज्यकर्त्यांना आम्ही बाबासाहेबांचीच ताकीद पुन्हा देतो. बंदुकीची भीती वाटत असेल तर दरवाजा अर्धा नको, पूर्ण उघडा करा.

जयभीम!